कमाटीबागेच्या वाटेवरची शोषक, विषारी आणि दुर्गंधी झाडे

पावसाळ्याच्या तोंडावर बडोद्याला बहिणीकडे गेलो असता, दांडिया बाजारातल्या तिच्या घरून मी भाचरांना घेऊन कमाटीबागेत गेलो. विश्वामित्रीच्या काठची ही बाग सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये वसवली. तिथले पशुपक्षी पाहून मुले खूश झाली. मला मात्र त्यांना वनस्पतींची किळसवाणी बाजू दाखवायची होती, कारण ती आपण मुलांना फार सौम्य करून सांगतो.

परतताना मेंदीच्या एका कुंपणावर अमरवेल पसरलेली दिसली. तिचा शेवयांसारखा पिवळा तंतू हळूच सोडवला, तेव्हा तो फांदीला चिकटला होता तिथे बारीक गाठींची रांग उघडी पडली. ही तिची शोषक मुळे. फांदीच्या आत शिरून ती पाणी आणि तयार अन्न दोन्ही ओढून घेतात. अमरवेलीचे बी रुजते जमिनीतच, पण थोड्या दिवसांत आधार सापडला नाही तर रोप मरते, आणि सापडला की जमिनीतले मूळ सुकून जाते. तिच्या एका जातीचे रोप टोमॅटोच्या वासाच्या दिशेने वाढते, असे अमेरिकेतील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले. नाक नसताना वास कळतो, हे ऐकून मुले थक्क झाली. “मामा, म्हणजे ही चोर आहे?” धाकटीने विचारले. चोर म्हणणे मला पटत नाही. जिला स्वतःचे अन्न जवळजवळ तयारच करता येत नाही, तिने दुसरे काय करावे?

पुढे रुई दिसली. तिचा चीक विषारी असतो आणि डोळ्याला गंभीर इजा करतो, म्हणून ती लांबूनच दाखवली. तरीही तिच्या पानावर एक पट्टेरी सुरवंट निवांत चरत होता. हेच विष तो अंगात साठवतो आणि त्यामुळे पुढे त्याचे फुलपाखरूही पक्ष्यांना नकोसे होते.

खरी परीक्षा घरी झाली, कारण परसात बहिणीच्या सासूबाईंनी लावलेला सुरण फुलला होता. जांभळट, सुरकुतलेल्या त्या फुलोऱ्याला सडक्या मांसाची दुर्गंधी येत होती. मधला दांडा आतून तापतो, त्यामुळे वास दूरवर पसरतो आणि मांसाच्या आशेने आलेले किडे परागकण अंगावर घेऊन रिकाम्या पोटी परततात. मुलांनी नाक दाबून, पण अगदी जवळ जाऊन ते पाहिले. याच झाडाच्या कंदात सुईसारखे टोकदार स्फटिक असतात आणि घसा खाजतो तो त्यांच्यामुळे, हे कळल्यावर थोरल्याने आजींना भाजीबद्दल विचारले. त्यांनी चिंचेचा कोळ दाखवला.