चोरल डॅमला जनरेटर नेला आणि कान किटले

मागच्या शनिवारी आम्ही इंदूरहून चोरल डॅमला तंबू ठोकायला गेलो, दादाने भाड्याचा जनरेटर आणला आणि तो सुरू झाल्यावर शेजारी बसलेल्या वहिनीचं बोलणंही ऐकू येईना. हा जुन्या पद्धतीचा, ५० हर्ट्झ वीज द्यायला ३००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांनी, फिरतच राहतो, मग तुम्ही एकच बल्ब लावा की दहा. इन्व्हर्टरवाला जनरेटर लोड कमी असला की स्पीड उतरवतो, पण त्याचं भाडं ऐकून दादा म्हणाला, राहू दे भिया!

मग जुगाड. खाली जुनं पायपुसणं घातलं, पत्र्यासारखा खडखडाट लगेच गेला. धुराड्याचं तोंड आमच्याकडे होतं ते फिरवलं. जाड, लांब केबल काढून मशीन दुप्पट लांब नेलं, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबल उतरतो. दादा तो खोक्याने झाकायचं म्हणत होता, मी साफ नाही म्हटलं, इंजिन तापतं आणि आग लागायची भीती. आणि तंबूजवळ तर नकोच, धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

दहाला बंदच केला. मग कुठे बेडूक ऐकू आले, आणि दादाचं घोरणं.