क्रुशिन्यानीची हिरवी मशीद

आज सासूबाईंना घेऊन क्रुशिन्यानीला जाऊन आलो. पूर्व पोलंडमधल्या पोडलासे भागातलं, बेलारूसच्या सीमेजवळचं गाव. तिथली लाकडी हिरवी मशीद लांबून चक्क चर्चच वाटते! १६७९ मध्ये राजा यान सोबिएस्कीकडे तातार (मूळचे तुर्की वंशाचे मुस्लिम) सैनिकांचा थकलेला पगार द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने जमिनी दिल्या. तातारांनी इथल्या मुलींशी लग्नं केली, भाषा सोडली, धर्म ठेवला. कब्रस्तानात दगडावर चंद्रकोर आणि खाली अस्सल पोलिश आडनाव.

'पोलंड म्हणजे फक्त कॅथलिक' म्हणणाऱ्यांना इथे आणायला हवं. हा एकजिनसी देश दुसऱ्या महायुद्धानंतरचा; त्याआधी साधारण तिसरा हिस्सा लोक युक्रेनी, ज्यू, बेलारूसी, जर्मन असे होते.

दुपारी पिएरेकाचेव्निक हा तातारी पदार्थ खाल्ला. पिठाचे पातळ पापुद्रे, आत मांसाचं सारण, गोल वेटोळं करून भाजलेलं. तुपकट, पण भारी. सासूबाई ठसक्यात म्हणाल्या, "हे आपलं, पोडलासेचं." आमच्या लग्नाआधी 'नातवंडं कुठल्या धर्माची होणार?' म्हणून अबोला धरणाऱ्या याच बरं का. मी नवऱ्याकडे बघितलं, तो मुकाट्याने खात होता.

पुढच्या वेळी ईदला यायचं म्हणतायत, त्याच.