साउंडिंग, सेन्सर आणि मधला फरक

स्क्रीनवर ७.५१ मीटर आणि टेपवर बरोब्बर ८ मीटर. बंकरिंग, म्हणजे जहाजात इंधन भरणं, चालू होतं, इंधन आणणाऱ्या बार्जवरून तेल येतच होतं, आणि एकाच टाकीतल्या तेलाच्या उंचीचे दोन आकडे, एक सेन्सरचा आणि एक टाकीत सोडलेल्या मोजपट्टीचा, जवळजवळ अर्ध्या मीटरने वेगळे. फोर्थ इंजिनिअरने टेप पुसून परत सोडली, परत ८. त्याने आधी बार्जला रेट कमी करायला सांगितलं आणि मग रेडिओवर मला बोलावलं, कारण जहाजावर ईटीओ, म्हणजे इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर, मी, टाक्यांचे सेन्सर माझ्याकडे.

सेन्सर बिघडलेला नव्हताच. या टाकीच्या तळाशी प्रेशर ट्रान्समीटर बसवलेला आहे, त्याला उंची वगैरे काही कळत नाही, त्याला फक्त डोक्यावरच्या तेलाचा दाब कळतो आणि तो दाब तो ४ ते २० मिलिअँपिअरच्या करंटमध्ये वर पाठवतो. उंची काढतो कंट्रोल रूममधला कॉम्प्युटर, दाबाला डेन्सिटी आणि गुरुत्वाकर्षणाने भागून. आता २०२० च्या १ जानेवारीपासून इंधनातल्या सल्फरची मर्यादा ३.५० वरून ०.५० टक्क्यांवर आली, त्यामुळे जिथे आधी जड फ्युएल ऑइल असायचं त्या टाक्यांमध्ये हलकं तेल यायला लागलं. सिस्टीममध्ये त्या टाकीची डेन्सिटी ०.९८ भरलेली होती आणि आलेलं तेल होतं ०.९२ चं. हलक्या तेलाचा दाब कमी, मग कॉम्प्युटर म्हणणार उंची कमी. ८ ला ०.९२ ने गुणा, ०.९८ ने भागा, ७.५१ येतं. सगळं नियमाप्रमाणे चाललेलं आणि तरी आकडा चुकीचा, आणि चुकीचा तोही घातक बाजूला, म्हणजे स्क्रीन सांगत राहिली असती की अजून जागा आहे आणि टाकीतली हवा आतबाहेर जाऊ देणाऱ्या एअर पाइपमधून तेल डेकवर आलं असतं. त्या दिवशी टेप हातात होती म्हणून वाचलो.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट पक्की धरली आहे. टाकीत किती तेल आहे ते कोणीच थेट मोजत नाही. सेन्सर वजन मोजतो. टेप उंची मोजते. रडार गेज वरून लहर सोडून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो, म्हणजे खरंतर वरची रिकामी जागा, जिला आपण अलेज म्हणतो. प्रत्येकाला वेगळी गोष्ट दिसते, आणि त्यातले दोन एकमेकांशी जुळेनासे झाले की तिथेच टाकीत काय चाललंय ते कळतं.

हे एकदा उलटंही झालं. बंकर पूर्ण झालं, टेपचा आकडा छान भरलेला, आणि सेन्सर सांगतोय कमी. डेन्सिटी मी स्वतः बदलली होती त्यामुळे तो प्रश्न नव्हता. फोर्थने टेप वर ओढली तर बॉबवर, म्हणजे टेपच्या टोकाच्या वजनावर, आणि टेपवर बारीक बारीक बुडबुडे, तेल फेसाळलेलं. तेलात हवा मिसळून आली होती, याला आमच्याकडे कॅपुचिनो म्हणतात. टेपला फेसाचीही उंचीच दिसते, पण तळाच्या सेन्सरला हवेचं वजन लागत नाही, त्यामुळे तो जास्त खरं बोलत होता. आम्ही रिसीटवर सही न करता थांबलो, बुडबुडे बसू दिले, परत साउंडिंग, म्हणजे टेपने माप, घेतलं आणि आकडा खाली आला. म्हणून मी टेप हीच खरी असंही म्हणत नाही, दोन्ही पाहिजेत.

टेपबद्दल थोडं सांगतो, कारण नवीन मुलं ती घाईत सोडतात. स्टीलची टेप, टोकाला पितळी बॉब. टेप ज्यातून सोडतात त्या साउंडिंग पाइपच्या खाली टाकीच्या तळाला एक जाड प्लेट वेल्ड केलेली असते, रोज बॉब आपटून आपटून तळाची मूळ प्लेट झिजू नये म्हणून. बॉब त्या प्लेटला लागल्यावर हाताला बारीक ठक्क जाणवतं, तिथेच थांबायचं, टेप अजून सोडली तर बॉब आडवा पडतो आणि आकडा खोटा येतो. पाण्याच्या टाकीत टेपवर वॉटर फाइंडिंग पेस्ट लावायची, पाणी लागलं तिथे रंग बदलतो, रेघ स्वच्छ दिसते. इंधनाच्या टाकीत बॉबवर पेस्ट लावली तर तळाला साचलेलं पाणी दिसतं, जे तळाच्या सेन्सरला वेगळं दाखवता येत नाही. मग ट्रिम (जहाजाचा पुढे-मागे कल) आणि लिस्ट (डावा-उजवा कल) बघून टेबलमधून करेक्शन घ्यायचं, कारण जहाज मागच्या बाजूला बसलेलं असेल आणि पाइप टाकीच्या मागच्या टोकाला असेल तर साउंडिंग जास्तच येणार.

आणि इंजिन रूममधल्या ऑइल टाकीच्या छोट्या साउंडिंग पाइपवरचा तो वजन लावलेला कॉक, म्हणजे तोटी, हात सोडला की आपोआप बंद होणारा, तो तारेने उघडा बांधलेला दिसला की मी तिथल्या तिथे तार कापतो. दर वेळी हाताने धरायचा कंटाळा येतो हे मला कळतं. पण टाकी ओव्हरफ्लो झाली तर त्या पाइपातून तेल थेट गरम मशिनरीवर उडतं, आणि इंजिन रूममधली आग काय असते हे ज्याने पाहिलंय तो त्या कॉकला कधी तार लावणार नाही.

आता दाबाबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. बॅलास्ट, म्हणजे जहाजाचा तोल राखायला टाक्यांत घेतलेलं पाणी, काढत होतो, मी कंट्रोल रूममध्ये दुसऱ्याच कामाला बसलो होतो आणि सहज एका टाकीच्या आलेखाकडे लक्ष गेलं. लेव्हल पडत होती, पण फार जोरात, पंप जेवढं पाणी काढू शकतो त्यापेक्षा जोरात. पाणी एवढ्या वेगाने जाऊच शकत नाही, मग दाब का पडतोय? चीफ ऑफिसरला रेडिओवर पंप थांबवायला सांगितलं आणि डेकवर पळालो. साउंडिंग पाइपची कॅप सैल केली तर पाइपने हवा आत ओढली, जोरात शिट्टी वाजल्यासारखा आवाज. एअर पाइपचं हेड रंगकामासाठी प्लास्टिकने गुंडाळून वर चिकटपट्टी मारलेली, आणि कोणालाही ते आठवलं नव्हतं. बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, सुरीने प्लास्टिक फाडलं, टाकीने श्वास घेतला. खाली येऊन बघितलं तर स्क्रीनवर लेव्हल साधारण ६० सेंटिमीटर वर गेलेली, टाकीत थेंबभर पाणी न जाता. तेवढी पोकळी टाकीत तयार झाली होती, साधारण ०.०६ बार.

आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण ०.१ बार म्हणजे एका चौरस मीटरवर साधारण १ टन. दहा बाय वीस मीटरची प्लेट असेल तर २०० टन, आणि तेही बाहेरून आत. टाकीची प्लेट आतल्या पाण्याचा भार झेलायला बनवलेली असते, वरून कोणी अशी चेपायला लागलं तर ती वाकते आणि परत सरळ होत नाही.

टँकरवर हाच हिशोब कायमचा डोक्यात ठेवावा लागतो, कारण तिथे टाकीत इनर्ट गॅस, म्हणजे आग लागू नये म्हणून भरलेला कमी ऑक्सिजनचा गॅस, असतो, हवेपेक्षा थोडा जास्त दाबाने. १००० मिलिमीटर वॉटर गेज एवढा गॅस वर असेल तर तळाच्या सेन्सरला तो पाण्याच्या १ मीटर उंचीइतका वाटतो. म्हणून वर दुसरा सेन्सर लावतात, गॅसचा दाब मोजून वजा करायला. तो वरचा सेन्सर बिघडला तर तळाचा कितीही चांगला असला तरी लेव्हल चुकते, आणि शोधणारा बिचारा तळाच्याच सेन्सरच्या मागे लागतो. मी आता आधी वरचाच बघतो. आणि इनर्ट न केलेल्या टाकीत स्टॅटिकचा, म्हणजे स्थिर विजेचा, साठा होणारं कार्गो असेल तर लोडिंग थांबल्यावर अर्धा तास धातूची टेप आत सोडायची नाही, स्टॅटिक चार्ज उतरायला वेळ द्यायचा. त्या अर्ध्या तासासाठी कोणी कितीही घाई केली तरी थांबायचं.

गेज बंद असल्याने काय होतं याचं उदाहरण मी प्रत्येक नवीन मुलाला सांगतो. ३ जानेवारी २०१५ ला होएग ओसाका नावाचं गाड्या वाहणारं जहाज साउदॅम्प्टनहून निघालं आणि वळण घेताना ४० अंशांपेक्षा जास्त कललं, शेवटी वाहत जाऊन ब्रॅम्बल बँकच्या वाळूवर अडकलं. माणसं सगळी वाचली. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेच्या अहवालात आहे की बॅलास्ट टाक्यांचे बहुतेक गेज आधीपासून बंद होते आणि कुठल्या टाकीत किती पाणी आहे ते अंदाजाने धरलेलं होतं. कार्गोचं वजनही नीट माहीत नव्हतं. मला त्या अहवालातली गेजची ओळ वाचून खूप वेळ काही सुचलं नाही, कारण बंद गेजची यादी प्रत्येक जहाजावर कुठे ना कुठे असते, आणि "स्पेअर मागवला आहे" असं लिहून ती पुढे सरकत राहते.

म्हणून माझ्याकडे एक साधी वही आहे. दर महिन्याला प्रत्येक टाकीचं हाताने घेतलेलं साउंडिंग, त्याच वेळचा स्क्रीनचा आकडा, डेन्सिटी, ट्रिम, आणि शेवटच्या रकान्यात फरक. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक मी सोडून देतो. पण गेल्या तीन महिन्यांत ४ नंबर स्टारबोर्ड (उजव्या बाजूच्या) बॅलास्ट टाकीचा फरक ३, ७, १२ सेंटिमीटर असा वाढत चाललाय, आणि टाकी रिकामी असतानाही स्क्रीन शून्यावर येत नाही. माझा अंदाज आहे सेन्सरच्या तोंडाशी गाळ बसलाय. पुढच्या बॅलास्ट ऑपरेशननंतर टाकीत उतरायची परमिट मागितली आहे, गॅस टेस्ट झाली की जाऊन बघतो.