तुम्ही विचारलंत म्हणून: बोक्याला ‘एड्स’, तरी घरात?

फोंड्याला आमच्या घरी नवा माणूस आला की सोप्यावर टेकतो, चहाचा घोट घेतो आणि मांडीवर चढू पाहणाऱ्या बोक्याकडे बघत हळूच विचारतो, ‘ह्यालाच ना तो एड्स? मग घरात कसा ठेवता?’

चूक माझीच. चाचणी पॉझिटिव्ह आली त्या दिवशी शेजारच्या काकींना पटकन कळावं म्हणून मीच तो शब्द वापरला. संध्याकाळपर्यंत वाडाभर झाला.

विषाणूचं नाव एफआयव्ही, मांजराची प्रतिकारशक्ती कमी करणारा. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या पेटालुमाच्या मांजरांत तो सापडला. एचआयव्हीच्याच कुळातला, पण माणसाला लागत नाही. एका ताटलीत जेवून, एकमेकांना चाटून मांजरांतही सहसा पसरत नाही. पसरतो तो मुख्यतः खोल चाव्यातून. म्हणून नसबंदी न झालेले भटके बोके त्यात पुढे. आमचा तर मासळी बाजारामागचा पैलवान. डावा कान अजून कातरल्यासारखा आहे. आता नसबंदी झालीय, खिडक्यांना जाळी आहे, मारामाऱ्या बंद.

त्याचं खरं दुखणं तोंडात. बांगड्याच्या वासाने धावत यायचा, तुकडा उचलायचा, मान तिरकी करून टाकून द्यायचा आणि पंजाने गाल चोळत बसायचा. मी म्हटलं, नखरे! डॉक्टरांनी ओठ वर करून दाखवला तेव्हा हिरड्या लालभडक होत्या. दोन दाढा काढाव्या लागल्या. तेव्हापासून तारले उकडून, काटे काढून, बोटांनी कुस्करून देते. कच्चं काही नाही. त्यातले जंतू निरोगी मांजर पचवेल, ह्याला जड जातील. जून-जुलैत ट्रॉलर बंद असले की कोंबडी शिजते. तो ताटलीकडे पाठ करून बसतो, मग मी स्वयंपाकघरातून गेले की खातो.

या विषाणूला मारणारं औषध नाही. साधी सर्दी झाली तरी मी थांबत नाही, डॉक्टरांना फोन करते. एवढं सोडलं तर पाच वर्षं आमच्याकडे तो मजेत लोळतोय.

आणि हो, लहान पिल्लाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून लगेच रडत येऊ नका. चाचणी विषाणू नाही, त्याच्याशी लढायला शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं शोधते, आणि आईकडून मिळालेलीही त्यात दिसतात. सहा महिन्यांचं झालं की पुन्हा तपासा.

काकी अजून त्याला हात लावत नाहीत. पण परवा कुंपणावरून तारल्यांची पिशवी पुढे केली आणि म्हणाल्या, ‘कांटे बरे काड गो.’