पानिपतला जाताना बॅगेत कुठली पुस्तकं घ्यायची

पानिपतला जायचं हे बाबांचं किती वर्षं चाललं होतं, यंदा जानेवारीत एकदाचं जमलं. तिकिटं झाली, दिल्लीतलं हॉटेल झालं, मग प्रश्न आला की वाचायला काय न्यायचं. आमच्या घरात पुस्तक घेतल्याशिवाय कोणी एसटीतसुद्धा चढत नाही आणि इथे तर अख्खं इतिहासाचंच गाव.

मी अप्पा बळवंत चौकात जाऊन उत्तर भारताचं एक जाडजूड गाइडबुक आणलं. दिल्ली, आग्रा, जयपूरची पानंच्या पानं आणि पानिपतला एक परिच्छेद! तीन लढायांची सालं, १५२६, १५५६, १७६१, की संपलं. मला फार वाईट वाटलं. ज्या नावाचा आपल्या भाषेत वाक्प्रचार झालाय, लहानपणापासून मॅच हरली तरी "पानिपत झालं" म्हणतो आपण, ते गाव तिथे चंदिगडच्या वाटेवरचं एक शहर म्हणून येतं. पण स्टेशन, थंडी, कुठे उतरायचं, रिक्षा कुठून, एवढ्यासाठी ते बरं होतं, म्हणून तेवढ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून घेतले आणि पुस्तक घरीच ठेवलं.

बाबांनी काढली विश्वास पाटलांची 'पानिपत'. १९८८ मधे कादंबरी आली तेव्हाच घेतलेली प्रत, पानं सुटलेली, दोऱ्याने बांधून ठेवलेली. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला पाठ आहे ती, कशाला वजन?" तर म्हणाले, "पाठ आहे म्हणूनच. तिथे उभं राहून वाचायचीय." यावर काय बोलणार. मी स्वतःसाठी इतिहासकार त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत १७६१' घेतलं, आणि ट्रिपमधे सगळ्यात उपयोगी तेच पडलं.

त्याचं असं झालं. काला आम म्हणजे जिथे १७६१ च्या, मराठे आणि अब्दालीच्या युद्धाचं स्मारक आहे ती जागा, गावाबाहेर, आजूबाजूला गव्हाची हिरवीगार शेतं आणि सकाळी धुकं इतकं की रस्त्यापलीकडचं दिसत नव्हतं. मी कादंबरी दोनदा वाचलीय पण माझ्या डोक्यात चित्र कायम असंच की अब्दाली उत्तरेकडून आला म्हणजे मराठे उत्तरेला तोंड करून उभे. आणि मोबाइलवर दिशा लावून शेजवलकरांबरोबर ताडून बघतेय तर सगळं उलटं! ऑक्टोबर १७६० मधे अब्दालीने बागपतला यमुना ओलांडली आणि तो मराठे आणि दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. म्हणजे आपली माणसं घराकडे तोंड करून लढली, आणि घराच्या वाटेवरच शत्रू. अडीच महिने रसद तुटली ती त्यामुळे. सैन्याबरोबर यात्रेकरू, बायकामुलं, ती पण उपाशी. मी दक्षिणेकडे तोंड करून उभी राहिले आणि मला खरंच बोलवेना. कादंबरीने मला माणसं दिली होती, भाऊ, विश्वासराव, इब्राहिमखान गारदी, जनकोजी, पण ती कुठे उभी होती हे मला त्या शेताच्या बांधावर कळलं.

म्हणून कोणी विचारलं तर मी सांगेन, कादंबरी निघायच्या आधी महिनाभर वाचा, इतिहास जागेवर वाचा. कारण तिथे गेल्यावर कोण काय बोललं यातलं किती कागदपत्रातलं आणि किती लेखकाने रचलेलं हे वेगळं करणं अवघड जातं, आणि कादंबरीचा तो दोष नाहीच, संवाद तर लेखकाने रचायचेच असतात. काशीराज पंडित अब्दालीच्या बाजूने लढलेल्या अवधच्या नवाबाच्या, शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, त्याने लढाई समोरून पाहिली, त्याची हकिकत वाचा, भाऊसाहेबांची बखर वाचा, मग कळतं की कादंबरी कुठून उगवते.

स्मारकापाशी एक ताऊ भेटले, आम्ही मराठीत बोलताना ऐकून जवळ आले. रोड समाजाचे होते, आम्ही इथे मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज असं ते लोक मानतात. बाबांचा हात त्यांनी किती तरी वेळ सोडला नाही. हे कुठल्याच गाइडबुकात नव्हतं.

गावात काबुली बाग मशीद बघितली, बाबराने पहिल्या लढाईनंतर बांधलेली, आणि त्याच लढाईत पडलेल्या इब्राहिम लोदीची कबर, साधा विटांचा चौथरा. तिथे मात्र जुनं सरकारी गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारं पुस्तक, कामी आलं. ते शोधताना 'पानिपत' टाकलं तर हाती काही लागत नाही हं, जिल्हा १९८९ मधे झाला, त्याआधी हे सगळं कर्नालमधे, म्हणून कर्नालचं गॅझेटियर शोधा, स्कॅन केलेलं फुकट मिळतं.

परतताना मी हट्टाने गाडी बुराडीला वळवली. मराठ्यांचे सरदार दत्ताजी शिंदे १० जानेवारी १७६० ला अब्दालीच्या फौजेशी लढताना इथेच पडले, पानिपतच्या एक वर्ष आधी. आता दिल्लीची दाट वस्ती आहे तिथे, दुकानं, ई-रिक्षा, वायरींची जाळी. यमुनेच्या बाजूला थोडी मोकळी जागा मिळाली तिथे थांबलो. बाबांनी दोरा सोडला, दत्ताजींचं पान काढलं आणि मोठ्याने वाचायला लागले, आणि ड्रायव्हरने, त्याला मराठीचा गंध नाही तरी, गाडीचं इंजिन बंद केलं.