हिंगाच्या डबीतला गहू

सीलिअ‍ॅक या, गव्हातील ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे होणाऱ्या आतड्याच्या आजाराचे निदान झाले त्या संध्याकाळी मी कणकेचा डबा शेजारी देऊन टाकला. रवा, मैदा आणि शेवयाही घराबाहेर काढल्या आणि पथ्याचा मोठा भाग पार पडला असे मानून झोपले. आठ महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले, तेव्हा या आजाराची खूण मानल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांचे (रोगप्रतिकारशक्ती तयार करते त्या प्रथिनांचे) प्रमाण थोडे उतरले होते, पण असावयास हवे होते त्याच्या जवळपासही आले नव्हते. आहारतज्ज्ञ बाईंनी मला पुढच्या भेटीला मसाल्याचा डबा, सर्व पिठांचे नमुने आणि वेष्टनांवरील कागद घेऊन बोलावले. टेबलावर मांडलेल्या त्या पसाऱ्यातून त्यांनी सर्वांत आधी हिंगाची डबी उचलली, डोळ्यांजवळ नेऊन तिच्यावरची बारीक अक्षरे वाचली आणि डबी माझ्या हातात दिली. घटकांच्या यादीत खाद्य गोंदाच्या पाठोपाठ गव्हाचे पीठ लिहिलेले होते. आठ महिने मी गहू सोडला होता आणि रोज दोन वेळा वरणाच्या फोडणीत घालत होते.

हिंगाचा मूळ चीक इतका उग्र असतो की तो तसाच वापरणे अवघड जाते. म्हणून त्यात गोंद आणि पीठ मिसळून तो सौम्य करतात, आणि आपल्या घरांत पिवळ्या पुडीच्या रूपात जो येतो तो बहुधा असा बांधलेला हिंग असतो. हे पीठ काही उत्पादनांत तांदळाचे असते, पुष्कळ उत्पादनांत गव्हाचे. आमटी, कोशिंबीर, ताक, लोणचे, पापड, पोह्यांची फोडणी यांतला कोणताही पदार्थ गव्हाचा म्हणून कोणी ओळखणार नाही. पण हिंग सर्वांत असतो. मी हे इतक्या सविस्तर लिहिते आहे, कारण परदेशी माहितीपत्रकांत ब्रेड, पास्ता आणि केक यांची पानेच्या पाने यादी असते, हिंगाचे नाव मात्र नसते, आणि मराठी घरातल्या नव्या रुग्णाला त्याच माहितीच्या आधारावर पथ्य सुरू करावे लागते.

माझे निदान उशिरा झाले, याला एक कारण असे की या आजाराचे ओळखीचे लक्षण असलेले जुलाब मला कधीच झाले नाहीत. वयाच्या पंचविशीपासून माझे हिमोग्लोबिन आठच्या आसपास रेंगाळत असे. तोंड वारंवार येई, जिना चढताना धाप लागे आणि केस मूठभर गळत. गूळ-शेंगदाणे, खजूर, लोहाच्या गोळ्या, पुढे शिरेतून दिलेले लोह, हे सर्व करून झाले. प्रत्येक वेळी आकडा थोडा वर जाई आणि काही महिन्यांत पुन्हा खाली येई. बाईमाणूस आहे, पाळीत रक्त जाते, खाण्याकडे दुर्लक्ष असते, असे स्पष्टीकरण मला नऊ वर्षे मिळत राहिले आणि मीही ते मान्य करत राहिले. अखेर एका डॉक्टरांनी गोळ्या बदलण्याऐवजी, लोह पोटात जाऊनही रक्तात का पोहोचत नाही, हा प्रश्न विचारला.

त्याचे उत्तर लहान आतड्यात होते. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन नावाचे प्रथिन पोटात गेले की सीलिअ‍ॅक असलेल्या व्यक्तीची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतील अस्तरावर अन्नरस शोषून घेणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात, ते या हल्ल्याने झिजतात आणि शेवटी जमीनदोस्त होतात. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषले जाते, आणि झीजही त्याच भागात सर्वाधिक होते. गोळी कितीही चांगली असली तरी ती शोषून घेणारी जागाच शिल्लक नव्हती. आजाराला आनुवंशिक पाया लागतो. एचएलए डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुके असल्याशिवाय तो सहसा होत नाही, पण ती असलेल्या बहुसंख्य लोकांनाही तो कधी होत नाही. दिल्ली परिसरातील लोकसंख्येच्या पाहणीत साधारण शंभर माणसांमागे एकाला हा आजार आढळला होता, दक्षिण भारतात मात्र प्रमाण पुष्कळच कमी आढळले. म्हणून आपल्याकडे त्याची शंका लवकर घेतली जात नाही, असे मला वाटते.

तपासणीबद्दल एक गोष्ट मी भेटेल त्याला सांगते. रक्ताची तपासणी आणि दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी पूर्ण होईपर्यंत गहू सोडायचा नसतो. रक्ताचा अहवाल आल्यावर माझ्या मैत्रिणीने कळकळीने सांगितले होते की आजपासूनच पोळी बंद कर. मी तसे केले असते तर आतडे थोडेफार भरून येऊ लागले असते, प्रतिपिंडे उतरली असती आणि तुकड्याचा अहवाल संदिग्ध आला असता. मग आयुष्यभराचे पथ्य अर्धवट पुराव्यावर पाळावे लागले असते. अर्धवट पुराव्यावर घेतलेले पथ्य पहिल्याच लग्नसराईत मोडते, हे मी इतरांच्या बाबतीत पाहिले आहे.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध प्रथम कसा लागला, हे वाचले तेव्हा मी बराच वेळ सुन्न बसून होते. विलेम कारेल डिके हे नेदरलँड्समधील हेग येथे बालरोगतज्ज्ञ होते. गव्हाबद्दलची शंका त्यांच्या मनात आधीपासून होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धामुळे त्या देशात भीषण अन्नटंचाई झाली आणि ब्रेड मिळेनासा झाला. लोक ट्युलिपचे कंदही खात होते. अशा उपासमारीत सीलिअ‍ॅकने आजारी असलेली मुले सुधारली, आणि ब्रेड परत मिळू लागल्यावर पुन्हा आजारी पडली. डिके यांनी आहाराचे काटेकोर प्रयोग करून १९५० मध्ये आपला प्रबंध मांडला, आणि त्यानंतर गहू हा या आजाराचा कारक म्हणून मान्य होत गेला. आजही या आजारावर प्रस्थापित उपचार तोच आहे, ग्लुटेन आयुष्यभर पूर्णपणे वर्ज्य करणे.

माझे माहेर सोलापूरचे. भाकरी खाऊनच मी वाढले, त्यामुळे पोळी सुटल्याचे दुःख मला फारसे झाले नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, साबुदाणा आणि सर्व डाळी यांत ग्लुटेन मुळातच नसते. ग्लुटेन म्हणजे काय, हे भाकरी थापणारीला कोणी वेगळे समजावण्याची गरज नाही. कणीक मळली की तिला जो चिवटपणा येतो, ज्याच्यामुळे पोळी लाटता येते आणि घडीची होते, तो ग्लुटेनचा गुण. ज्वारीत तो नाही, म्हणून पिठात गरम पाणी घालावे लागते, उंडा हाताखाली चांगला रगडावा लागतो आणि भाकरी लाटण्याऐवजी थापावी लागते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी कडेने फाटते. आईने शिकवलेल्या या गोष्टींचा अर्थ मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी नव्याने कळला. पुण्यात लग्न होऊन आल्यावर मी भाकरी आठवड्यातून एकदाच करू लागले होते, आता ती रोजची झाली.

अडचण ज्वारीत नव्हती, गिरणीत होती. आहारतज्ज्ञ बाईंचा दुसरा प्रश्न होता, दळण कुठे देता? आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत एकाच जात्यावर सकाळपासून गव्हाची दळणे होतात आणि मधे कोणाची तरी ज्वारी येते. आधीच्या दळणाचे पीठ पाळ्यांत आणि खालच्या कापडी नळ्यात उरलेले असते, ते पुढच्या डब्यात येते. गिरणीवाले काका भले गृहस्थ आहेत. मी आजार सांगितल्यावर त्यांनी माझ्या ज्वारीआधी मूठभर तांदूळ दळून जाते साफ करून देण्याची तयारी दाखवली, आणि मी काही आठवडे त्यावर विसंबले. पण हिशेब मांडल्यावर तो उपाय पुरेसा नाही हे लक्षात आले. एका पोळीत साधारण तीस ग्रॅम कणीक धरली, तर तीत अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असते. दिवसाला दहा मिलिग्रॅमपर्यंत बहुतेक रुग्णांना बाधत नाही असे मानतात, आणि पन्नास मिलिग्रॅम रोज महिनोन्‌महिने पोटात गेले तर आतड्याला इजा होते असे दिसून आले आहे. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे एका पोळीचा पन्नासावा ते साठावा भाग. एवढा ऐवज गिरणीच्या नळ्यात सहज असतो. आम्ही घरगुती घरघंटी घेतली. ती महाग पडली, पण तिच्यात आजवर गव्हाचा एक दाणाही गेलेला नाही. ज्वारी, डाळी, धने-जिरे आणून निवडून, गहू न घालता केलेली थालिपिठाची भाजणी मी त्याच घरघंटीवर दळते. मेतकूटही तसेच घरी करते, कारण बाजारच्या मेतकुटात बहुधा थोडे गहू असतात.

बाजारात ‘ग्लुटेनमुक्त’ असे लिहिलेली बिस्किटे आणि पावही मिळतात. तसे लिहिण्यासाठी किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावे लागते, आणि प्रवासात त्या शब्दाचा आधार वाटतो. पण त्यांत बहुतेक स्टार्च आणि साखर असते, तंतू कमी असतात. रोजच्या जेवणात मला त्यांची गरज वाटलेली नाही.

घरातले बाकीचे लोक गहू खातात. त्यामुळे एकाच ओट्यावर दोन स्वयंपाक वेगळे कसे ठेवायचे, हा प्रश्न आला. मी सासूबाईंना आतड्याचे चित्र काढून दाखवले, प्रतिपिंडे समजावली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. मग त्यांनीच विचारले, “म्हणजे एकादशीला उपवासाचं कसं वेगळं ठेवतो, तसंच ना?” आमच्या घरी उपवासाचे मीठ, तिखट आणि कढई वेगळी असते, उपवासाच्या भांड्यात धान्याचा चमचा कोणी बुडवत नाही. त्या दिवसानंतर मला काहीही समजवावे लागले नाही. त्यांनी स्वतःहून माझा लोखंडी तवा, परात, चाळणी आणि पोळपाट-लाटणे वरच्या फळीवर वेगळे लावले, कारण लाकडाच्या भेगांत आणि चाळणीच्या जाळीत अडकलेले पीठ घासून जात नाही. पोळ्या नेहमी माझी भाकरी झाल्यावर होतात, आणि तूप वाढण्याचा चमचा माझ्या वाटीला आधी येतो. सासूबाई कधी कधी हळवेपणाने म्हणतात की तुझा तर रोजचाच उपवास झाला. मला मात्र तो उपवास वाटत नाही, त्यांच्या त्या काळजीने माझे पोट भरते.

घराबाहेर ही काळजी करणारे कोणी नसते, आग्रह करणारे पुष्कळ असतात. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा. तो मी हात जोडून परत केला की कोणीतरी म्हणते, “प्रसादाला नाही म्हणू नये, एवढ्याशाने काही होत नाही.” एवढ्याशाने होते, हे वर मांडलेल्या हिशेबावरून दिसेलच, फक्त ते आतड्यात होते आणि समोरच्याला दिसत नाही. काही रुग्णांना कणभर गव्हानेही लगेच उलट्या होतात, मला तसे होत नाही. त्यामुळे माझ्या नकाराकडे लोक पथ्य म्हणून पाहत नाहीत, हट्ट म्हणून पाहतात. खपली गहू चालेल, तो जुना आहे, असेही सांगणारे भेटतात. खपलीतही ग्लुटेन असते. या सगळ्यांच्या मनात वाईट काही नसते, हे मला कळते, आणि म्हणूनच त्यांना नाही म्हणताना जीव तुटतो. आता मी यजमानीणबाईंना दोन दिवस आधी फोन करते. गेल्या भाद्रपदात एका काकूंनी माझ्यासाठी नव्या हिंगाने फोडणी दिली होती आणि उकडीचे मोदक पुरणपोळीचे ताट मांडण्याआधीच झाकून बाजूला ठेवले होते. तांदळाची उकड, नारळ आणि गूळ यांचे ते मोदक मी निर्धास्तपणे खाल्ले.

प्रवासाला निघताना मी सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बरोबर घेते. ती पापडासारखी वाळलेली भाकरी कितीतरी दिवस टिकते. पूर्वी ती बाजारातून येई, आता आई माझ्यासाठी घरीच करून पाठवते.

हिंग आणि गिरणी बदलल्यावर पुढच्या सहा महिन्यांत माझी प्रतिपिंडे उतरली, आणि वर्षभरात हिमोग्लोबिन बारावर आले. तेव्हा डॉक्टरांनी जवळच्या नातेवाइकांची तपासणी करून घ्यायला सांगितले. आईवडील, भावंडे आणि मुले यांच्यात हा आजार साधारण दहांमागे एकाला आढळतो, आणि कित्येकदा काहीही त्रास नसताना आढळतो. माझ्या मुलीचे रक्त ठीक निघाले. तिची तपासणी काही वर्षांनी पुन्हा करायची आहे. धाकट्या भावाची प्रतिपिंडे मात्र वाढलेली आली. तो रोज पळायला जातो, त्याला कसलाही त्रास नाही, म्हणून अहवाल चुकला असावा असे तो दोन महिने म्हणत राहिला. येत्या गुरुवारी त्याची दुर्बिणीची तपासणी ठरली आहे. आईने त्याच्यासाठी ज्वारी निवडून ठेवली आहे आणि घरघंटीची चौकशीही केली आहे. पण गुरुवारपर्यंत तो नेहमीप्रमाणे पोळ्या खाणार आहे. काल रात्री त्याने ताटातली दुसरी पोळी बाजूला सारली, तेव्हा मीच फोनवरून त्याला ती खायला लावली.