दोन खटके मागे

मॉडेल विमानाच्या साडेसात सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनाला वळण लावायचं, ते इंधन कमीजास्त करणाऱ्या एका सुईने. फिरवली की कटकट वाजते. फेरे मोजणारा टॅकोमीटर असला तरी शेवटचा निवाडा कानाचाच.

इंधन पेट्रोल नव्हे, मिथेनॉल. त्यात 5 ते 15 टक्के नायट्रोमिथेन आणि 18-20 टक्के तेल, बहुधा थोडं तरी एरंडेल. वंगण म्हणतात ते हेच, वेगळं ऑइल नाही. म्हणून इंधन कमी पडलं की वंगणही कमी पडतं. शिवाय मिथेनॉल उडताना जो गारवा देतं, तोही घटतो. लीन, म्हणजे इंधन कमी मिळणारं इंजिन तापतं ते असं दोन्हीकडून.

सुई पूर्ण बंद करून साधारण अडीच फेरे उघडायची. इंधन पेटवणाऱ्या ग्लो प्लगला बॅटरीचे दीड व्होल्ट, इंजिन सुरू, मिनिटभर तापलं की बॅटरी काढायची. आता पंख्याच्या मागे उभं राहून पूर्ण थ्रॉटलवर सुई एकेक खटका बंद करत जायचं, प्रत्येक खटक्याला दोन-तीन सेकंद देऊन. आधी घोगरा, अडखळता आवाज आणि दाट धूर. मग आवाज मोकळा होत चढतो, धूर विरळ होतो आणि एका जागी सगळं कसं सुरेल लागतं. मोहाची जागा हीच! तिथून सुई परत उघडून वेग 300-400 आरपीएमने खाली आणायचा. उड्डाणात पंख्यावरचा भार हलका होतो, टाकीतली पातळी उतरते, मिश्रण आपसूक लीन होतं. जमिनीवर सुरेल वाजलेलं इंजिन सरळ वर चढताना दम तोडतं, ते याच हावेपायी.

खात्री करायची तर विमान घट्ट धरून नाक आभाळाकडे करा. आवाज किंचित चढला तर ठीक. खचला तर आणखी दोन खटके उघडा.

आयडलचा, म्हणजे मंद गतीच्या मिश्रणाचा स्क्रू त्यानंतरच. उलट क्रमाने गेलात तर दिवस वाया. अर्धा मिनिट आयडलवर ठेवून थ्रॉटल झटक्यात द्या. गुरगुरत, धूर ओकत उचललं तर रिच, म्हणजे इंधन जास्त. ब्र न काढता बंद पडलं तर लीन. स्क्रू एका वेळी अष्टमांश फेराच फिरवायचा.

कितीही फिरवून आवाज वरखाली होतच राहिला तर सुईला दोष देऊ नका. नळीत बुडबुडे दिसतात का पाहा. सिलिकॉनच्या नळीला टाचणीएवढं भोक पुरतं. टाकीची मध्यरेषा सुईच्या पातळीला किंवा जराशी खाली हवी.

हवाही खोड्या काढते. थंड सकाळची हवा दाट, तिला इंधन जास्त लागतं; भर दुपारी लावलेली सुई दुसऱ्या दिवशी पहाटे लीन ठरते. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच, तेव्हा तिथे बसवलेलं इंजिन मुंबईत नेलं तर सुई थोडी उघडावी लागणारच.

शेवटच्या उड्डाणानंतर नळी चिमटून उरलेलं इंधन जळू द्यावं आणि इंजिनात दोन थेंब तेल सोडावं. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि गंज आधी बेअरिंगला धरतो.